माझी रजा आणि कांबळ्यांचं श्रीखंड

पीएचडीसाठी मी कॉलेजातून वर्षभराची रजा घेतली आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीत 'घरी बसलेला माणूस' झालो.

बायकोला मी बजावलं होतं, "मेधा, कुणाला बोलू नकोस हं!" ती नाही बोलली. आई बोलली. लिफ्टमध्ये, तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत!

दुसऱ्याच सकाळी ४०२ मधल्या कांबळे वहिनी दारात. "सर, घरीच असता ना आता? मग चावी ठेवा. भांडीवाली आली की द्या."

शुक्रवारपर्यंत सात चाव्या जमल्या. शिवाय पाच पार्सलं आणि (का ते देव जाणे) लव्हबर्ड्सचा पिंजरा. मी मास्तरी शिस्तीत प्रत्येक चावीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी चिकटवली. गाइडना सोमवारी दुसरं प्रकरण हवं होतं आणि माझ्या तीन ओळी झाल्या होत्या!

शनिवारी एक अनोळखी बाई आली. "सुनीता गावाला गेली, मी बदलीवर. नाईकांची चावी द्या. ते लोक पण गावाला गेलेत ना, फ्रिज रिकामा करून पुसायचाय."

चौथी ओळ नुकतीच सुचत होती. मी मान वर न करता चावी दिली.

"सगळं फेकू ना, सर?"

"फेका, फेका!" (काय जातंय? फ्रिज माझा थोडाच होता!)

बाई चिठ्ठीवरचा नंबर वाचून वर गेली. नाईक राहतात ३०२ मध्ये. चिठ्ठीवर नंबर होता ४०२.

संध्याकाळी पाच वाजता कांबळे वहिनी किंचाळतच खाली आल्या. "सर! पाहुणे येतायत हो पोरीला बघायला! माझं दोन किलो श्रीखंड कुठंय?"

वाट लागली! फ्रिज मात्र चकाचक होता. आतला बल्बसुद्धा पुसलेला.

मी चपला न घालताच नाक्यावर धावलो, पन्नास बटाटेवडे आणले आणि तोंड लपवायला जागा नव्हती म्हणून स्वतःच वाढायला उभा राहिलो. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "हे कोण?" कांबळे भाऊ म्हणाले, "आमचे सर. घरीच असतात."

मुलाला वडे आवडले, मुलीला मुलगा. वहिनींनी मला माफ केलं आणि साखरपुड्याच्या पार्सलांसाठी माझाच पत्ता दिला. खरं सांगतो, बरं वाटलं. प्रकरण मात्र चार ओळींवरच राहिलं.

सोमवारी सकाळीच मी कॉलेजात हजर झालो आणि रजा रद्द करायचा अर्ज प्राचार्यबाईंपुढे ठेवला.

"थीसिस झाला?"

"नाही मॅडम."

"मग परत का येताय? कारण काय लिहू?"

"लिहा," मी म्हणालो, "विश्रांतीसाठी."