धुकं आणि जाळी

सध्या वाचतेय त्या कादंबरीत एक जादूची सर्कस आहे. तिच्या तंबूत कायम धुकं असतं. झुल्यावरच्या मुलीखाली जाळी नसते. हात सुटलाच तर ते धुकंच तिला अलगद झेलतं. वाचताना मला मात्र आमच्या गावच्या मैदानावर आलेली सर्कस आठवत राहते.

तिथली झुल्यावरची बाई पहिल्या उडीत जोडीदाराचा हात न सापडून जाळीत पडली. सगळ्या तंबूनं श्वास रोखला. दुसऱ्या उडीत तिनं हात पकडला, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. खेळ संपल्यावर ती तंबूमागच्या नळाखाली मनगट धरून बसलेली दिसली.

"फार लागलं का हो?"

"पहिल्यांदा मुद्दाम पडायचं असतं, ताई. नाहीतर लोकांना सोपं वाटतं."

"म्हणजे आजही मुद्दामच?"

तिनं नळ बंद केला. "आज नाही. आज हात खरंच सुटला. पण तुम्हाला कुठं कळलं?"

पुस्तकातल्या मुलीचाही हात आत्ताच सुटलाय. खाली धुकं आहे, आणि त्याला निदान कळतं, कोण खरंच पडतंय ते. तरी मला पुढचं पान उलटवत नाही.