डॉक्टरने कोणाला वाचवायचं

वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये रविवारी दुपारी आम्ही दहाबारा जण चोर-गाव खेळतो. चिठ्ठ्या उचलून दोन चोर आणि एक डॉक्टर ठरतो, बाकी गावकरी. ‘रात्री’ सगळे डोळे मिटतात. खेळ चालवणारा बोलावेल तसे चोर डोळे उघडून खुणेने एकाला मारतात, मग डॉक्टर खुणेने एकाला वाचवतो. दोघांचं बोट एकाच माणसाकडे गेलं तर तो जगतो. ‘सकाळी’ चर्चा होते आणि हात वर करून संशयिताला बाहेर काढतात.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या तात्यांचं आयुष्य निवडणुकांची पॅनेलं जुळवण्यात गेलं. मध्यंतरी त्यांनी ठराव मांडला.

“डॉक्टरनं मनाला येईल त्याला वाचवायचं न्हाय. गाव सांगंल त्यालाच.”

गावाने, म्हणजे तात्यांनी, तात्यांचं नाव सांगितलं. अनुभवी माणूस टिकला तर चोर सापडतील, हा युक्तिवाद. ठराव मंजूर झाला.

तो चोरांनीही ऐकला होता. तात्यांवर नेम धरण्यात अर्थ उरला नाही, तेव्हा चोर शेजारच्या क्वार्टरमधल्या नव्या सुनेला मारू लागले. नवं माणूस रुसत नाही, हा हिशेब. ती इंदापूरकडची, माहेरी डाळिंबाची बाग, बोलण्यात तयार. पण तिला एकदाही पहिली सकाळ दिसली नव्हती.

“मी काय नुसती डोळे मिटायला येते?” तिने विचारलं. सगळे हसले. आज शेवटचं, म्हणाली, पुढच्या रविवारपासून येत नाही.

त्या दिवशी डॉक्टरची चिठ्ठी मला आली. मी तिच्याकडे बोट केलं.

“सकाळ झाली,” खेळ चालवणारा म्हणाला. “कोणीच मेलं नाही.”

“आँ? म्हंजी डॉक्टरनं ठराव मोडला,” तात्या म्हणाले. “कोण हाय डॉक्टर?”

“मी.”

“अवो ताई, गावाचं ऐकायचं असतं.”

“चिठ्ठी मला आलीय, तात्या. कोणाला वाचवायचं ते मी ठरवणार.”

“मग चोरांना सामील हाय म्हणा की!”

हात वर झाले. मी बाहेर. नव्या सुनेचा हात मांडीवरच राहिला.

आता डॉक्टर उरला नव्हता. पुढच्या रात्री चोरांनी तात्यांना मारलं. तात्या जागचे हलले नाहीत.

“ह्यो डाव धरायचा न्हाय. डॉक्टरच फितूर, तितं—”

“तात्या,” ती म्हणाली, “तुमी मेलाय. मेलेल्यानं बोलायचं नसतं.”

आणि समोर बसलेल्या इंजिनिअरांकडे वळून, ते मघापासून गप्प का, याची उलटतपासणी तिने सुरू केली. तिचा अंदाज चुकला. चोर दुसरेच निघाले. पण ती शेवटपर्यंत खेळली.

पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी तीच येऊन बसली होती. तात्यांनी ठराव पुन्हा मांडला. तो बहुमताने मंजूर झाला, विरोधात दोन हात. डॉक्टरची चिठ्ठी आली की मी तो पाळत नाही.