गायत्रीच्या नावाखालची ओळ

माझा थोरला भाऊ व्यंकोबा, म्हणजे आमचा अण्णा, तेहतीस वर्षं कुंभकोणमात लग्नपत्रिका छापतो आहे. गावातल्याच मेलकावेरी भागात त्याचा छोटा छापखाना आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी तिथे जाऊन बसतो, पेपर वाचतो आणि फुकटची कॉफी पितो. अण्णा मला त्याबद्दल बोलत नाही, कारण प्रूफं वाचायला त्याला चार डोळे लागतात. त्याच्या कामात आजवर कुणाला चूक सापडलेली नाही. हे तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगतो.

आमच्या भागात पत्रिकेवर वधूवरांच्या नावाखाली त्यांची पदवी छापतात. पदवी परदेशातली असेल तर पुढे कंसात देशाचं नाव येतं. हा कंस लोकांना फार प्रिय. ‘देश जरा ठळक करा’ एवढं सांगायला वरबाप खास रिक्षा करून येतात. इथल्या पदवीला कंस नसतो. असून त्यात लिहिणार काय, कुंभकोणम?

अण्णाच्या टेबलाच्या काचेखाली त्याच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका आहे, त्यानेच शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली. तिच्यात त्याच्या नावाखाली बी.ए. आहे, गावातल्याच कॉलेजचं. त्या दोन अक्षरांवर त्याचे सासरे इतके खूश होते की त्यांनी ती पत्रिका वर्षभर देवघरात ठेवली होती.

त्याला एकुलती एक मुलगी, गायत्री. तिने आमच्याच भागातल्या विद्यापीठातून भातावरच्या करपा रोगावर पीएच.डी. केली. सहा वर्षं ती सकाळच्या पहिल्या बसने आडुतुरैकडच्या शेतांवर जायची आणि संध्याकाळी पायांना चिखल घेऊन घरी यायची. तिची आई ओरडायची, अण्णा बादलीभर पाणी काढून ठेवायचा. आता ती कॉलेजात शिकवते, पण तिरुप्पनंदाळकडचे शेतकरी अजून तिला फोनवर पानांचे फोटो पाठवतात आणि औषध मारू का विचारतात. ‘थांबा, हा करपा नाही’ असं तिने सांगितलं की माणसं थांबतात.

तिचं लग्न चेन्नईच्या सूर्याशी ठरलं. सूर्या अमेरिकेतून एम.एस. करून आलेला, साधा मुलगा. दोघांचं जमलंही छान. आमची तंजावरी मराठी घरं आता मोजकी उरली आहेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मराठी बोलणारा जावई मिळाला म्हणून अण्णा हरखून गेला होता. मुलीकडची पत्रिका आमचीच होती, तरी मानाने त्याने प्रूफ व्याह्यांना पाठवलं.

कृष्णमूर्ति व्याह्यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो, आणि अण्णाने फोन स्पीकरवर ठेवला होता.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण मुलीची पीएच.डी. कुठली म्हणालां?”

“इथलीच,” अण्णा म्हणाला.

“मग तिचें नुसतें नांव राहूं द्या. एकास अमेरिका आणि दुसऱ्यास हें. शेजारीं बरें दिसत नाही. लोक विचारतील.”

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान डोलावली. लग्न महत्त्वाचं, असं मला तेव्हा वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. “बरें,” अण्णा म्हणाला. हातात लाल पेन होतंच. त्याने गायत्रीच्या नावाखालची ओळ काटली आणि समासात ओळ काढून टाकायची खूण केली, एखाद्या गिऱ्हाइकाचं काम करावं तशी.

दुपारी गायत्री जेवणाचा डबा घेऊन आली. प्रूफ टेबलावरच पडलेलं होतं. तिने ते पाहिलं, बापाचं अक्षर आणि बापाची खूण ओळखली.

“बरोबर आहे, अप्पा,” ती म्हणाली. “इथलीच तर आहे.” आणि डबा ठेवून गेली.

पुढचे चार दिवस ती घरात सगळं बोलली. साड्यांबद्दल बोलली, पाहुण्यांबद्दल बोलली, पत्रिकेबद्दल तेवढं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिरुप्पनंदाळच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. फोटो न बघताच ती तमिळमध्ये त्याला म्हणाली, “कुणा मोठ्या साहेबांना विचारा. मला काय कळतंय त्यातलं?” अण्णा पलीकडे दाढी करत होता. त्याने ते ऐकलं.

छापखान्यात आल्यावर त्याने मशीन सुरूच केलं नाही. मला त्याचा राग आला होता, माझाही आला होता, आणि राग आला की मी जास्त बोलतो.

“अण्णा, तुझें बी.ए. काचेखालीं ठेवलेंस,” मी म्हणालो, “आणि तिची पीएच.डी. कोठें ठेवलीस?”

 त्याने ड्रॉवरमधून प्रूफ काढलं, चष्मा पुसला. चुकून काटलेला मजकूर ठेवायचा असला की छापखान्यात त्याच्याखाली टिंबं देतात आणि समासात लिहितात, राहू दे. अण्णाने काटलेल्या ओळीखाली एकेक टिंब द्यायला घेतलं.  समासात त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, राहू दे. मग त्याने व्याह्यांना स्पीकरवरच फोन लावला.

“व्याही, तुमच्या पत्रिकेंत तुमच्या मनासारखें छापा. आमच्या पत्रिकेंत मुलीची पदवी राहील. ती मीं काटली, ती माझी चूक.”

 जमलेलं लग्न आता मोडतंय, असं मला वाटलं. अण्णाचे डोळे काचेखालच्या पत्रिकेवर होते.

“राहूं द्या तर,” शेवटी कृष्णमूर्ति म्हणाले. “पण आमची अमेरिका तेवढी ठळक येऊं द्या.”

“येईल,” अण्णा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुपारी गायत्री डबा घेऊन आली. अण्णाने प्रूफ तिच्यापुढे सरकवलं. ती वाकून ते बघत राहिली. लाल काट, तिच्याखालची वेडीवाकडी टिंबं, समासातलं बापाचं अक्षर. मला वाटलं, आता ही रडणार.

“अप्पा,” ती म्हणाली, “‘डी’च्या खालीं टिंब द्यायचें राहिलें.”

तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि ते टिंब स्वतः दिलं.

तेहतीस वर्षांत अण्णाच्या कामात कुणी चूक काढली ती ही पहिलीच. तो रडत होता, म्हणून मी पेपर तोंडापुढे धरला.