ठमाबाईचं पांघरूण

शैलजाबाईंना सवत आहे, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात. मंडळाच्या गणपतीत कोणी नवी ओळख करून घ्यायला आली की, "आमच्या घरात तिघं. मी, हे, आणि यांची ती परसातली," असं म्हणून मोकळ्या! समोरची बिचारी गोरीमोरी होते. मग गुरुनाथराव हसत हसत मोबाइल काढतात आणि परसातलीचा फोटो दाखवतात. केशरी, बसकी, दोन माणसांच्या कवेतही न मावणारी, बुडाशी वाळूचं अंथरूण. भोपळा हो, भोपळा! नाव ठमाबाई.

शिकागो मागे पडून मक्याची शेतं सुरू होतात, तिथे यांचं घर. गुरुनाथराव मूळ नागपूरचे, जन्म गेला कॉम्प्युटरपुढे. निवृत्तीच्या सुमाराला ऑफिसातल्या कोणीतरी त्यांना राक्षसी भोपळ्याचं एक बी दिलं आणि शैलजाबाईंच्या संसारात ही बया शिरली. एका वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडून टाकायची. फळ नारळाएवढं झालं की गुरुनाथराव त्याचं बारसं करतात. खरोखरचं! शिकागोच्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून पेढे आणतात, शैलजाबाईंना हळदकुंकू लावायला लावतात, आणि त्या "काय बाई एकेक थेरं" असं पुटपुटत लावतातही. गंगी, चिंगी, तानी अशा कितीतरी पोरी त्या अंगणात नावारूपाला आल्या. गंगी वाढता वाढता तडकली. चिंगी बुडातून सडली. तानीला ग्राउंडहॉगनं, म्हणजे इथल्या बिळातल्या घुशीनं, पोखरलं, तेव्हा गुरुनाथराव जेवले नव्हते. गावच्या मेळ्यात ऑक्टोबरात भोपळे वजनाच्या काट्यावर चढवतात. फुटका चालत नाही, सडका चालत नाही. यांचा एकही कधी काट्यापर्यंत पोचला नाही.

आता यात शैलजाबाईंचं काय गेलं? सांगते. त्यांची रुही राहते कॅरीला, नॉर्थ कॅरोलिनात. तिची दोन गोड पोरं. "आई, इकडे या ना. कसली थंडी नाही इथे, माझ्या घराजवळच घर बघते," हे ती फोनवर किती वर्षं म्हणतेय. शैलजाबाईंना जायचंय. अगदी जीव तुटतो. या घरात हिवाळा लागला की दिवस दुपारीच आवरता घेतो, शेजारपाजार दारं लावून बसतो, आणि बोलायला उरतो तो प्रेशर कुकर. पण नवऱ्याला त्यांनी हे कधी म्हणून सांगितलं नाही. रुहीला मात्र म्हणायच्या, "यांचं एकदा होऊ दे गं." आणि यांचं काही होत नव्हतं. यंदा वसंतात बी रुजवताना गुरुनाथराव आपणहून म्हणाले, "हिच्याही नशिबात काटा नसेल, तर मी हात जोडले. मग रुहीकडे जाऊ." शैलजाबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पण ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं.

ऑक्टोबरात नागपूरला मोठ्या दिरांचं खुब्याचं ऑपरेशन निघालं. गुरुनाथरावांना जावंच लागलं. विमानतळावर बायकोचा निरोप घेतला तो असा: "पाणी सकाळीच घाल, आणि पानांवर नको." परत येणार शुक्रवारी, वजनकाटा शनिवारी. आणि बुधवारी, झाडांवर अजून लाल पानं असताना, बर्फ येणार म्हणून बातम्या सुरू झाल्या.

नागपुरात मध्यरात्र उलटली होती तरी गुरुनाथरावांचा फोन आला. "शैला, रात्री गोठणार. साल गोठली की आतला गर मऊ पडतो, मग काट्यावर ठेवेपर्यंतच बसतो. पाइपच्या कमानी लावून ठेवल्यात, प्लॅस्टिक गॅरेजमध्ये आहे. झाकशील ना?"

"झाकते हो. झोपा तुम्ही."

मग रुहीचा फोन. "आई, तू बाहेर जाऊ नकोस हं. स्लिप होशील. बाबांना सांग झाकलं होतं. हू विल नो?"

पोरगी काळजीनं बोलली, पण शैलजाबाईंच्या मनात ते नको तिथे जाऊन बसलं. खरंच की. कोणाला कळणार? वाईट काही करायचंच नव्हतं. काहीच करायचं नव्हतं. चहा घ्यायचा, खिडकीशी बसायचं, सकाळी उठून बघायचं. बर्फ काय त्यांनी पाडला होता?

त्या चहा घेऊन बसल्या. दुपार कलली होती. आधी हवेत नुसता भुरभुराट दिसला, कोणी आभाळात बसून पीठ चाळत असल्यासारखा. अंगण निःशब्द झालं. काचेवर वाफ धरली, वाफेपलीकडे ठमाबाईचा केशरी डाग तेवढा राहिला, आणि शैलजाबाईंचे डोळे जड झाले. त्यांना कॅरीचं घर दिसायला लागलं, अजून न घेतलेलं. लाकडी डेक, त्यावर ऊन, पायरीवर धाकटी नात पाठ करून बसलेली, तिच्या केसांना तेल लावताना बोटांना लागणारी ऊबदार टाळू. पोरगी काहीतरी अखंड बडबडतेय, इंग्लिशमध्ये, आणि शैलजाबाईंना सगळं समजतंय. किती सोपं होतं ते. फक्त बसून राहायचं.

चहा गार झाला तेव्हा त्यांनी काच पुसली. ठमाबाईच्या पाठीवर बर्फ साठायला लागला होता. एरवी छत्रीसारखी ताठ असणारी पानं मिटून तिच्या अंगावर पडली होती. एवढी मोठी धटिंगण, पण पाठ उघडी. आणि गुरुनाथरावांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तानीच्या दिवशीचा. या चेहऱ्यासमोर बसून आपल्याला कॅरीत चहा गोड लागेल का?

"मेलं माझं मन!" त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि उठल्या. "उठा आता, सवतीची सेवा करा!"

जॅकेट, बूट, कानटोपी. कमानींवर प्लॅस्टिक ओढताना नाकी नऊ आले. एक टोक बसवावं तर दुसरं उडे, शेवटी कडेला विटा ठेवल्या तेव्हा बसलं. मग त्यांना युक्ती सुचली. ऊब द्यायची तर दिवे लावावेत! दिवाळीच्या माळा वरच्या कपाटातून तयारच काढून ठेवल्या होत्या. त्यांनी सगळ्या माळा ठमाबाईला गुंडाळल्या, व्हरांड्यातून वायर ओढली, बटण दाबलं. लाल, हिरवी, निळी अशी ठमाबाई लग्नमांडवासारखी झगमगली. शैलजाबाई खूश. कौतुकानं दिव्यावर हात ठेवला, तर तो थंडगार. दुसऱ्यावर ठेवला, तोही थंड. हल्लीचे एलईडी! वीज वाचवतात, ऊब कसली देतात कपाळाची! पाऊण अंगण तुडवून त्यांनी भोपळ्याला नुसतं नटवलं होतं.

त्या कपाळावर हात मारून परत घरात गेल्या आणि ट्रंक उघडली. आत गोधड्या होत्या, जुन्या सुती साड्यांच्या, त्यांनी हातानं शिवलेल्या. रुहीच्या पोरांसाठी म्हणून शिवल्या, पण पोरं कम्फर्टरमध्ये झोपतात. होत्या नव्हत्या तेवढ्या काढल्या. शेकायच्या रबरी पिशव्या गरम पाण्यानं भरल्या. आणि बेसमेंटमधला जुना आकाशकंदील घेतला, कारण त्यात अजून पूर्वीचा पिवळा बल्ब होता, हात लावला तर चटका देणारा.

मध्येच फोन वाजला. "झाकलंस? प्लॅस्टिक पानांना चिकटू देऊ नकोस," गुरुनाथराव सांगत होते. "तेच करतेय, दोन हात आहेत मला!" म्हणून त्यांनी फोन तसाच खिशात टाकला.

कमानीखाली वाकून शिरल्या. पाठीवरचा बर्फ झटकून साल पदरानं कोरडी केली. एकावर एक गोधड्या घातल्या, कडेनं पिशव्या सरकवल्या, माळांच्याच वायरीला जोडून कंदील कमानीला टांगला. आणि बघता बघता सगळं बदललं. कंदिलाच्या कागदातून गुलाबी, पिवळा उजेड प्लॅस्टिकवर पसरला. वर बर्फ पडत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता, नुसत्या सावल्या घरंगळत खाली येत होत्या. ओल्या मातीचा आणि हिरव्या वेलाचा वास उबेबरोबर वर आला. शैलजाबाई थकून पालथ्या बादलीवर टेकल्या आणि त्यांनी गोधडीवर गाल ठेवला. खालून मंद ऊब यायला लागली. आपण बर्फाच्या पोटात आहोत, की कसल्याशा जुन्या दुपारी, हे त्यांना कळेना. खाली ठमाबाई श्वास घेतेय असंही वाटलं. मग त्या बोलायला लागल्या, झोपेत बोलावं तसं.

"तुला माहितीये, आज मी तुला मारणार होते. नुसती बसून. तू गेली असतीस की मी सुटले असते बाई. रुहीकडे गेले असते. या घरात मला फार एकटं वाटतं गं. हे दिवसभर तुझ्याशी बोलतात, तुला उन्हाला छत्री, थंडीला पांघरूण. मला कधी विचारलं नाही, शैला, तुला काय हवंय. आणि मीही मेली सांगितलं नाही. वाटलं, कळेल कधीतरी. असं कळतं होय कोणाला!" त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांना ते पुसावेसेही वाटत नव्हते. "आता तू जगणार. पुढल्या वर्षी हे आणखी मोठी करणार. आणि मी आहेच."

"शैला."

त्या दचकल्या. ठमाबाई नव्हती. खिसा बोलत होता.

फोन बंदच केला नव्हता! शैलजाबाईंना दे माय धरणी ठाय झालं. लाजेनं कान तापले. त्यांनी फोन बाहेर काढून कानाला लावला. कुठेतरी लांब नागपुरातला एक कोंबडा आरवला.

"सगळं ऐकलं मी," गुरुनाथराव म्हणाले. "त्या गोधड्या काढ. प्लॅस्टिक पण काढ. आणि तू घरात जा."

"काय बोलताय?"

"गोठू दे तिला. मी शब्द दिलाय, तिच्या नशिबात काटा नसला तर जाऊ म्हणून."

शैलजाबाईंनी गोधडीवरून हात फिरवला. हवं होतं ते समोर आलं होतं, मागितल्याशिवाय. आणि त्यांना रागच आला.

"काही काढत नाही," त्या ठणकावून म्हणाल्या. "मी पांघरूण घातलेल्याला मी उघडं करत नसते. तुम्ही शुक्रवारी या, शनिवारी तिला काट्यावर चढवा, चांगले पेढे वाटा. आणि रविवारी मला कॅरीला घेऊन चला. ती मेली म्हणून नाही. मला जायचंय म्हणून."



"जाऊ," गुरुनाथराव म्हणाले. मग लहान मुलासारखं, "कॅरीला बर्फ पडत नाही ना गं फारसा?"

"नाही."

"मग तिथे मी झाकायचं कोणाला?"

शैलजाबाईंनी नाक ओढलं.

"मला झाका," त्या म्हणाल्या. "मलाही थंडी वाजते हो."