देवलापारचा ग्रॅनाइट

देवलापारकडच्या एका नाल्यात मी पाच दिवस उन्हात फिरले आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी उभ्या उभ्या निकाल दिला. "हा शिस्ट आहे, पापुद्र्यांचा वेगळाच खडक. नकाशात ग्रॅनाइटपासून वेगळा दाखवा."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, वर्गात एकटी मुलगी, आणि डोक्यात राख घालून घेण्यात पटाईत. नाल्याच्या एका टोकाला गुलाबी दाण्यांचा साधा ग्रॅनाइट होता. पावलागणिक त्याचे दाणे बारीक, चपटे होत गेले आणि शेवटी काळपट, पापुद्रे सुटणारा दगड उरला. मध्ये सीमारेषा ओढावी अशी जागाच नव्हती. जुन्या विभंगाने, म्हणजे खडक सरकणाऱ्या भेगेने, लाखो वर्षं रगडून ग्रॅनाइटचंच हे केलं होतं. सर म्हणाले, "उन्हात फिरलं की सगळे दगड एकच दिसतात."

आता सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यासाठी दगडाची चकती काचेवर चिकटवून आरपार दिसेल इतकी पातळ घासायची. पहिलीचा भुगा झाला. मग दुसरीचा, तिसरीचा, चौथीचाही. बोटांची सालं गेली, तोंडी परीक्षा आठवड्यावर आली आणि मी त्या दगडाला, स्वतःच्या हट्टाला शिव्या घालत बसले. प्रयोगशाळेतले म्हातारे शिपाईकाका दाराशी बसून हे सगळं बघत होते.

"मले विचारलं काहून नाई वं?" शेवटी ते म्हणाले. "हा दगड तसाच घासला तं भुगाच होते. आधी बाल्सममंधी शिजवा लागते."

चकती काचेला चिकटवायचा तो राळेसारखा बाल्सम समोरच होता. आधी का नाही सांगितलं, असं मी तडकून विचारलं.

"तू कोणाचं आयकतं काय?"

पाचवी चकती टिकली. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारचे दाणे रगडूनही डोळ्यांसारखे गोल उरले होते आणि क्वार्ट्‌झच्या लांब पट्ट्या त्यांना वळसा घालून गेल्या होत्या. सर बराच वेळ बघत राहिले.

"ग्रॅनाइटच आहे," ते म्हणाले. मला आनंदाने थेट सदर बाजारापर्यंत धावत जावंसं वाटलं. "पण बाहेरच्या परीक्षकांसमोर हे काढू नका. छापलेला नकाशा माझा आहे. त्यात शिस्ट आहे."

परीक्षकांनी नेमका नाल्यातला तोच तुकडा उचलला आणि हा कोणता दगड, असं विचारलं. सर खिडकीबाहेर बघत होते. चकती माझ्या पर्समध्ये होती.

"शिस्ट," मी म्हणाले.

पहिला वर्ग मिळाला. घरी पेढे वाटले. सरांचा आलेला राग केव्हाच गेला. माझा मला अजून येतो.