पिवळ्या करिझ्मातला तडा

धर्मपाल रामटेकेला स्वस्त वस्तूची धास्ती वाटायची. महागात फसलो तर निदान कुठं फसलो ते कळतं, स्वस्तात ते शोधत बसावं लागतं, असं त्याचं म्हणणं. पपई तो टिचकी मारून घ्यायचा, माठ कानाशी धरून. रायपूरच्या गुढियारीत घर बांधलं तेव्हा गवंडी निघून गेल्यावर त्यानं सगळ्या भिंती हातोडीनं वाजवल्या आणि स्वयंपाकघराची एक भिंत पोकळ वाजली म्हणून पुन्हा प्लास्टर करायला लावलं.

"लग्नाआधी मलेही वाजवून पाह्यलं असतं यानं," त्याची बायको मीराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पण माह्या बापासमोर हिंमत नाही झाली."

ही सवय नोकरीनं लावली होती. गोंदियाकडून बाप रेल्वेत आला, बापामागे धर्मपाल. मालगाडी यार्डात उभी राहिली की तिच्या एका अंगानं एक, दुसऱ्या अंगानं दुसरा, असे दोघे तपासणारे निघतात आणि चाकाचाकावर हातोडी मारत जातात. चांगलं चाक खणखणतं. तडा असलेलं थड्ड करून गप्प बसतं. तसं चाक सापडलं की डब्यावर खडूनं 'सिक', म्हणजे आजारी, असं लिहायचं, मग तो डबा गाडीतून तोडून वेगळ्या रुळावर न्यावा लागतो, गाडी खोळंबते, वरून फोन येतात. धर्मपालनं लिहिलेल्या सिकबद्दल आजवर कोणी फोन केला नव्हता. रामटेकेचा कान म्हणजे मशीन, असं लोक म्हणत, आणि तो ते ऐकून घेत असे.

दिवाळीनंतर सगळं बिघडलं. जुना जोडीदार रिटायर झाला आणि त्याच्या जागी पियुष आला, तिशीच्या आतला, भिलाईचा. पायाला घाई फार. केबिनमधून निघताना पुढं होऊन तो आपली बाजू घेऊन टाकायचा, आणि उरलेली बाजू धर्मपालच्या वाट्याला यायची. तेव्हापासून धर्मपालच्या बाजूला सिकवर सिक निघू लागले आणि पियुषच्या बाजूला एकही नाही. गाडी तीच, डबे तेच. धर्मपालनं हिशेब सरळ लावला: पोट्टा हातोडी मारतो, ऐकत नाही. एखाद्या दिवशी कुठंतरी डबा घसरेल. हे त्यानं सुपरवायझर गंगाधर यांना तोंडावर सांगितलं.

गंगाधर पान चघळत म्हणाले, "धर्मपाल, दोघांपैकी एकाचं खोटं आहे. पियुष खराब चाकं सोडून राहिला, नाही तर तू चांगली अडवून राहिला. सोमवारी मले चुकणाऱ्याचं नाव वर पाठवायचं आहे. त्याची नोकरी अजून पक्कीही नाही झाली."

"मंग पाठवा ना," धर्मपाल म्हणाला. "त्याचंच पाठवा."

गंगाधर रजिस्टर चाळू लागले, आणि ते धर्मपालला आवडलं नाही. घरी आला तो हाच संशय घेऊन, की साहेबानं पोट्ट्याची बाजू धरली.

त्याच आठवड्यात मोटरसायकल आली. ती शोधली रीनानं. त्याची ही मुलगी सदर बाजारातल्या एका सराफाच्या काउंटरवर बसायची. बाप मराठीत बोलला तरी हिला हिंदीत उत्तर द्यायची सवय. रिटायर झाल्यावर बाबा घरातल्या भिंती पुन्हा वाजवत फिरतील, त्यांना खोलायला काहीतरी द्यावं, असं तिनं आणि आईनं ठरवलं होतं. मोबाइलवर तिनं फोटो दाखवला: पिवळी करिझ्मा, पंधरा-सोळा वर्षांची, बंद. धर्मपालच्या उमेदीच्या काळात ही गाडी यार्डाबाहेर उभी राहिली की लोक थांबून पाहत.

भाव पाहून तो म्हणाला, "इतक्या कमीत? यावर कोणी मेलं असंल."

"पापा, आप पहले देख तो लो."

मालक बुढापारा मोहल्ल्यात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. रत्नाकर नाव, नाशिककडचा, नवा रायपूरच्या कुठल्याशा ऑफिसात. स्वच्छ शर्ट, स्वच्छ मराठी. गाडी जिन्याखाली भिंतीला चिकटून उभी होती, अंगावर धूळ, सीटवर मांजराची जागा.

"मी हिला दुरुस्त करायलाच घेतली होती," रत्नाकर म्हणाला. "तीन वर्षांत एक नट सैल केलेला नाही. आता बायको म्हणते, ही तरी जाईल, नाहीतर मी तरी."

रीना हसली. धर्मपाल हसला नाही. बायकोचं नाव पुढं करणारा विक्रेता त्यानं पुष्कळदा पाहिला होता. कागद बघितले, साफ होते. साफ कागदांवरही त्याचा विश्वास नव्हता. ब्रेकच्या दांड्याचं टोक घासलेलं आहे का, पाय ठेवायचे रबर एका बाजूनं जास्त झिजले आहेत का, हे सगळं त्यानं बोटानं चाचपलं. काही सापडलं नाही, आणि न सापडण्यानं त्याचा संशय आणखी वाढला.

मग त्यानं खिशातून छोटी हातोडी काढली.

"अहो काका, हे काय?" रत्नाकर म्हणाला.

"काही नाही. दोन शब्द बोलतो तिच्यासंगं."

त्यानं खाली वाकून उजवीकडचा पाइप वाजवला. खण्ण. मग तो अंग चोरून गाडी आणि भिंत यांच्या फटीत शिरला, मान मुरडून डोकं खाली घातलं आणि डावीकडचा पाइप वाजवला. थड्ड. पुन्हा मारली. थड्ड.

तो कपडे झटकत बाहेर आला. "फ्रेममधी तडा आहे. गाडी ठोकली आहे, वेल्डिंग मारून वरून रंग दिला आहे."

रत्नाकरचा चेहरा पडला. "नाही हो. मी घेतल्यापासून ती इथून हललेली नाही."

"मंग तुमच्याआधी कोणी ठोकली असंल. नाही तर तुमाले माहीत असून सांगून नाही राहिले."

"पापा," रीना हळूच म्हणाली, "दोनों तरफ एक जैसा बजा. मुझे तो सेम लगा."

धर्मपालनं तिच्याकडे पाहिलं. स्वतःची पोट्टीही समोरच्याची बाजू घेऊन राहिली. यार्डातही हेच, घरातही हेच.

शहाणा माणूस इथून उठून गेला असता. धर्मपालनं गाडी घेतली. रत्नाकरला समजेना, ज्या गाडीत तडा आहे ती हा माणूस का घेतो. पण धर्मपालला गाडी नको होती, तडा हवा होता. तो उघडा करायचा, रीनाला दाखवायचा, जमलं तर फोटो काढून या स्वच्छ शर्टवाल्याला पाठवायचा. आणि सोमवारी साहेबांसमोर उभं राहताना मनात एवढं असावं, की आपला कान अजून चुकत नाही.

शनिवारी ड्यूटी नव्हती. सकाळपासून तो अंगणात बसला. पिवळे पत्रे निघाले, टाकी निघाली. तिच्यात गंज आणि आंबलेलं पेट्रोल. इंजिन उतरवायला शेजारच्या दोघांना हाक मारली. दुपारपर्यंत नुसती फ्रेम दोन स्टुलांवर उरली, बरगड्या उघड्या पडल्यासारखी. डावीकडचा रंग त्यानं पॉलिशपेपरनं घासून काढला. वेल्डिंगचा माग नव्हता.

"नाही ना?" मीराबाईनं चहा ठेवत विचारलं.

"बारीक असंल. डोळ्याले नाही दिसत."

न दिसणारा तडा दाखवायची एक रीत त्याच्या खात्यात जुनी आहे. लोखंडाला मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, चोपडायचं, मुरू द्यायचं, मग कोरडं पुसून वरून खडूची पूड लावायची. तडा असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू परत वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेशनवर आता मातीचं तेल मिळत नाही. जिन्याखाली जुन्या कॅनच्या तळाशी थोडं होतं, ते पुरलं.

फ्रेम पांढरी झाली. धर्मपाल तिच्यासमोर बसून राहिला. शिकाऱ्यासारखा नाही, तर दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत बसतात तसा. ऊन भिंतीवरून सरकलं. पांढरं पांढरंच राहिलं.

तेल जुनं आहे, त्यात पाणी असेल, असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं भंगारातली एक खरोखर तडकलेली पट्टी आणली, तिला तेच तेल, तीच पूड लावली. थोड्या वेळात काळी रेघ केसासारखी वर आली. तेल खरं होतं.

रीना दुकानातून आली तेव्हा तो तसाच बसला होता.

"मिला क्या?"

"इकडं ये. हे घे." त्यानं हातोडी तिच्या हातात दिली आणि तिच्याकडे पाठ करून बसला. "कोणता पाइप ते सांगू नको. मार."

तिनं मारली. त्यानं मान थोडी वळवली. "हा डावा. यात आहे."

"नहीं पापा. ये राइटवाला था."

"पुन्हा मार."

तिनं मारली. तो उठला, फ्रेमच्या पलीकडे गेला, खाली वाकला. डाव्या पाइपाला उजवा कान लावला. खण्ण. उजव्या पाइपाला डावा कान. थड्ड. मग त्यानं हातोडी स्वतः घेतली आणि एकाच जागी, एकाच पाइपावर मारत एकदा हा कान, एकदा तो कान असं केलं. तडा पाइपात नव्हताच. तो धर्मपालबरोबर फिरत होता.

रीनाला काही कळलं नाही, किंवा कळलं आणि तिनं दाखवलं नाही. ती पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "बाबा, काय झालं?"

"काही नाही. गाडी चांगली आहे."

रात्री तो पुन्हा फ्रेमपाशी येऊन बसला. जुन्या जोडीदाराबरोबर गाडी नेहमी त्याच्या उजव्या हाताला असायची. पियुष आल्यापासून ती डाव्या हाताला आली. सिक सगळे तिथलेच. तो आठवू लागला, बस्तरकडच्या खनिजाचे डबे, कोळशाचे डबे, खोळंबलेल्या गाड्या, आणि एकेका डब्यावर त्याच्याच अक्षरातला खडू. कोणतंही चाक खोटं बोललं नव्हतं. मग दुसरा विचार आला, अंगावर पाल पडावी तसा: हे अजून कोणालाच माहीत नाही. सोमवारी पियुषचं नाव गेलं की नवा जोडीदार येईल, त्याला सांगायचं, मी या बाजूनं चालतो. उजवा कान शाबूत आहे. रिटायरमेंटपर्यंत निभावून जाईल. हा विचार त्यानं पुष्कळ वेळ जवळ ठेवला. एवढा सोपा विचार आपल्याला इतक्या स्वस्तात कसा मिळाला, याचीच त्याला शंका आली.

सोमवारी गंगाधर केबिनबाहेर उभे होते, पियुष थोडा बाजूला. पोट्ट्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

धर्मपाल म्हणाला, "साहेब, माह्या डाव्या कानानं नीट ऐकू नाही येत. पियुषची बाजू बरोबर होती. मले डॉक्टरकडं पाठवा."

गंगाधर पान थुंकून आले आणि त्याला खालून वर न्याहाळू लागले. "काहून? त्या दिवशी तर म्हणत होतास त्याचं नाव पाठवा."

"तवा मले माहीत नव्हतं."

"आणि आज माहीत झालं. असं बसल्या बसल्या?" ते कडवट हसले. "अशी किती पाह्यली मी. कान गेला, डोळा गेला, मंग ऑफिसात खुर्ची, पंखा. बसून पगार. तुझ्याकडून वाटलं नव्हतं धर्मपाल."

"खुर्ची नको मले."

"सगळे हेच म्हणतात."

पियुष पुढं झाला. त्याचाही विश्वास नव्हता, हा आपल्याला अडकवायचा नवा डाव वाटला. "काका, मुझसे कुछ लिखवाना है क्या? साफ बोल दो ना."

धर्मपालला राग येईना. आयुष्यभर तो लोकांकडे ज्या नजरेनं पाहत आला, तीच नजर आता दोन्हीकडून त्याच्यावर होती. ती कशी लागते ते त्याला पहिल्यांदा कळलं. आपलं खरं आहे हे दाखवायला त्याच्याकडे कागद नव्हता, खडू नव्हता.

"मागून काही बोला, पाहून घ्या मंग," तो म्हणाला, आणि उजव्या कानात बोट घट्ट खुपसून रुळांकडे तोंड करून उभा राहिला.

गंगाधर त्याच्या डाव्या बाजूला चार पावलं मागं जाऊन थांबले. समोर एक रिकामी मालगाडी उभी होती, तिच्यावर कावळे बसले होते. धर्मपाल साहेबांच्या बोलण्याची वाट पाहत राहिला. मुद्दाम उशीर लावून राहिले, त्याला वाटलं, मला फसवायचा बेत असेल. मग त्याची नजर पियुषकडे गेली. पियुष त्याच्याकडे बघत नव्हता. तो मान खाली घालून बुटानं गिट्टी सरकवत होता, आणि त्या खाली घातलेल्या मानेवरून धर्मपालला कळलं, की साहेब केव्हाचे बोलून गप्प झाले आहेत.