बोटानं फाडलेली पानं

डब्लिनच्या ग्रंथालयातल्या बाईंनी पुस्तक माझ्यापुढे उशीवर ठेवलं, तान्ह्या बाळाला ठेवावं तसं. एका तत्त्वज्ञ स्त्रीचं पुस्तक, आणि प्रत शंभर वर्षांपूर्वीच्या एका आयरिश कादंबरीकाराच्या स्वतःच्या कपाटातली. त्याच्या लेखनावर हिची छाप आहे, असं मी पीएचडीत म्हणत होते. पण त्याच्या पत्रांत तीन वर्षं शोधूनही तिचं नाव सापडेना. "पुरावा आण, नाहीतर हे प्रकरण गाळ," असं सरांनी बजावलं होतं.

तेव्हा पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच यायची. वाचणारा सुरीनं कापत पुढे जायचा. ज्या थोर पुरुष तत्त्वज्ञाचे त्यानं पत्रापत्रांत गोडवे गायले, त्याच्या ग्रंथाची याच कपाटातल्या प्रतीतली पानं प्रस्तावनेनंतर अजूनही जोडलेलीच आहेत. हिचं पुस्तक मात्र उघडतच गेलं, पार शेवटपर्यंत.

"शेवटच्या पानांच्या कडा बघ," बाई हलकेच म्हणाल्या.

तोवरच्या कडा सुरीनं सरळ कापलेल्या होत्या. या मात्र वेड्यावाकड्या, दातेरी. सुरी हाताशी नसावी, आणि ती आणायला उठण्याइतकाही धीर त्याला उरला नसावा. त्यानं ती पानं बोटानंच फाडली होती.